खाट मोकळी

तिने सर्व्हर पुन्हा सुरू केला, खुर्ची थोडी मागे ढकलली आणि शेजारच्या टेबलाकडे पाहून म्हणाली,

"आता विचारा, बाई. काहीही विचारा."

ऑपरेटर बाईंनी एका कानावरचा हेडफोन वर सरकवला. इस्पितळातल्या कुठल्याही फोनवर नऊचा आकडा दाबला की त्यांचाच आवाज येई. त्यामुळे सत्तावीस वर्षांत त्यांचं खरं नाव मागे पडून त्या सगळ्यांच्या ‘नऊ नंबर’ झाल्या होत्या. त्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला, समोर धरलेल्या मोबाइलवर एका बोटाने लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं, "भेटायची वेळ काय?"

दोन सेकंद काहीच झालं नाही. मग उत्तर उमटलं: ‘भेटण्याची वेळ सायंकाळी चार ते सहा.’

"आलं की गं! आणि माझ्यासारखं वैतागलंसुद्धा नाही," नऊ नंबर म्हणाल्या.

ती हसली, पण तिचा जीव भांड्यात पडला तो नंतर, पडद्यावरच्या काळ्या खिडकीत चूक दाखवणारी लाल ओळ नाही हे पाहिल्यावर. सहा वर्षांनी ती प्रोग्रॅमिंगच्या कामावर परतली होती. ही सहा वर्षं अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंची कूस बदलण्यात, औषधांच्या वेळा सांभाळण्यात गेली. त्या गेल्या तेव्हा घर एकदम मोठं झालं, आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याला येत होतं त्यातलं निम्मं काम आता कुणी करतच नाही. उरलेलं तिने पुन्हा शिकून घेतलं. इस्पितळाच्या चौकशीसाठी चॅटबॉट बनवायचं हे तिचं पहिलं काम.

काम कागदावर साधं होतं. नातेवाइकाने मोबाइलवर लिहिलेला प्रश्न सर्व्हरवरच्या एका पत्त्यावर येणार. तिथे तिचा कोड आधी दाखल होताना मिळालेला चौकशी क्रमांक तपासणार, मग वॉर्डाची यादी बघणार, एक वाक्य जुळवणार आणि परत पाठवणार. यादी सर्व्हरवरच राहणार, बाहेर जाणार ते फक्त उत्तर. प्रशासकांनी तिला बसायला टेलिफोनच्या खोलीतच टेबल दिलं होतं. "लोक काय विचारतात ते यांच्याकडून शिकून घ्या," असं ते म्हणाले होते. नऊ नंबर पुढच्या वर्षी निवृत्त होणार होत्या, आणि त्यांच्या जागी कुणी येणार नाही हे तिघांनाही ठाऊक होतं. त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं.

यादीतले संक्षेप समजून घ्यायला ती वॉर्डाच्या कारकुनाकडेही जाऊन आली होती. तो एका हाताने शिक्के मारत होता.

"‘खाट मोकळी’ म्हणजे?" तिने विचारलं होतं.

"म्हणजे पेशंट गेला," तो मान वर न करता म्हणाला होता.

तिने वहीत लिहून घेतलं आणि कोडमध्ये एक ओळ वाढवली: खाट मोकळी असेल, तर उत्तर ‘रुग्णास डिस्चार्ज देण्यात आला आहे. घरी काळजी घ्यावी.’ ‘काळजी घ्यावी’ हे तिने आपल्या मनाने घातलं होतं.

चाचणीसाठी फक्त तिसऱ्या मजल्यावरच्या बायकांच्या वॉर्डातल्या नातेवाइकांना हा पत्ता दिला होता. पहिल्याच दिवशी एकोणीस नंबरच्या खाटेसाठी कुणीतरी लिहिलं:

‘नमस्कार. माझी पत्नी एकोणीस क्रमांकाच्या खाटेवर आहे. तिची प्रकृती आज कशी आहे, हे कृपया कळवावे.’

बॉटने उत्तर दिलं: ‘रुग्ण दखल आहे. प्रकृती स्थिर.’

मिनिटभराने तिकडून पुन्हा आलं: ‘आभारी आहे. ‘दखल’ नव्हे, ‘दाखल’.’

तिने कपाळावर हात मारला. नऊ नंबर इतक्या हसल्या की पलीकडच्या माणसाला "धरा हं जरा" म्हणून त्यांनी फोन बाजूला ठेवला.

"कोण गं हा? मास्तर दिसतोय."

मास्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनीच लिहिलं की आपण छापखान्यात अडतीस वर्षं मुद्रितशोधक होतो, त्यामुळे चूक दिसली की हात राहत नाही, राग नसावा. पुढे असंही लिहिलं की आपल्याला अजिबात ऐकू येत नाही. आतापर्यंत बायकोची खबर घ्यायची तर मुलगा घरी येईपर्यंत वाट पाहावी लागे, आता आपलं आपल्याला विचारता येतं, ही सोय ज्यांनी केली त्यांना कळवावे.

ते वाक्य तिने जेवणाच्या सुट्टीत नवऱ्याला फोनवर वाचून दाखवलं. "यंत्राला लिहिलंय त्यांनी," ती म्हणाली, "पण ते मलाच आहे ना?"

त्यानंतर ते दिवसातून तीनदा लिहीत. सकाळी आठला, दुपारी एकला, संध्याकाळी सातला. दर वेळी ‘नमस्कार’, दर वेळी पूर्णविराम. नर्सने यादीत जे भरलं असेल तेच बॉट सांगे. स्थिर. ताप उतरला. थोडं खाल्लं. ‘थोडं खाल्लं’ला ते ‘छान’ म्हणत. त्याचं उत्तर तिने कोडमध्ये घातलं नव्हतं, तरी त्या ‘छान’वर काहीतरी उत्तर जावं असं तिला वाटू लागलं.

नवव्या दिवशी सकाळी ती नेहमीप्रमाणे आदल्या रात्रीपासूनची संभाषणं चाळत बसली होती. एकोणिसाची सकाळची ओळ आठला येऊन गेलेली होती: ‘प्रकृतीबाबत डॉक्टर नातेवाइकांशी बोलतील.’ मुलगा रात्रीपासून इथेच होता, हे तिला नऊ नंबरकडून कळलं होतं. मग दहा वाजून पाच मिनिटांनी एक जास्तीचा प्रश्न आला होता, वेळ सोडून: ‘नमस्कार. राहवत नाही म्हणून विचारतो. आता कशी आहे?’

आणि खाली उत्तर.

तिचा चेहरा उजळला. खुर्ची तशीच वळवून ती म्हणाली, "बाई, तुमच्या मास्तरांची बायको गेली बरं का आज."

नऊ नंबरनी मान हलवली. "हो ना. मघाशीच कळलं मला. गेल्या बिचाऱ्या."

"बिचाऱ्या काय? चांगलं झालं की. तीन आठवड्यांनी आपल्या घरी..."

नऊ नंबर तिच्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. इतक्या दिवसांत त्यांनी तो दोन्ही कानांवरून काढलेला तिने पाहिला नव्हता.

"घरी नाही गं," त्या म्हणाल्या. "गेल्या त्या."

तिला आधी काहीच समजलं नाही. मग शिक्के मारणारा कारकून आठवला, आपली वही आठवली. ती पडद्याकडे वळली. खाली आणखी मजकूर येत होता.

‘फार फार आभार. कोणत्या वाहनाने आणणार आहेत? तिला जिना चढवणार नाही.’

बॉटने लिहिलं होतं: ‘अधिक माहितीसाठी चौकशी कक्षाशी संपर्क साधावा.’

‘बरे. खाट मी खिडकीपाशी घेतली आहे. चादर बदलली आहे. तिला जेवायला काय द्यावे?’

‘आहाराबाबत डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार वागावे. घरी काळजी घ्यावी.’

"बंद कर ते," नऊ नंबर म्हणाल्या. त्यांनी तोवर मुलाचा नंबर लावला होता. घंटा वाजत राहिली, कुणी उचलला नाही. घरचा नंबर लावला, आणि दोन घंटांनंतर त्यांच्याच लक्षात आलं. "ऐकू कुठं येतंय त्यांना."

वॉर्डाच्या कारकुनाने फोनवर सांगितलं की मुलगा आत्ताच निघाला. आईला न्यायला नातेवाइकांना बोलावलंय, त्याआधी वडलांना आपण स्वतः जाऊन सांगतो म्हणाला. घर तासाभराच्या अंतरावर होतं.

तिने बॉट बंद केला. पण बंद केल्यावर तिकडे काय दिसणार, हे तिच्यापेक्षा कुणाला जास्त माहीत नव्हतं. नुसता पांढरा पडदा, आणि त्यांचे प्रश्न एकाखाली एक. चाचणीसाठी तिने एक खिडकी ठेवली होती. तिच्यात आपण लिहिलं की तेच थेट समोरच्याच्या मोबाइलवर जाई. तिने ती उघडली.

"काय लिहू, बाई?"

"खोटं लिहू नकोस."

"आणि खरं?"

नऊ नंबर स्टूल ओढून तिच्या शेजारी बसल्या. मागे फोन वाजत होता, त्यांनी तो वाजू दिला.

"सत्तावीस वर्षांत मी फोनवर कुणाला ‘गेला’ म्हणून सांगितलेलं नाही. आणि बरा आहे असंही नाही. मी फक्त आवाज खाली आणते. म्हणते, तुम्ही आत्ताच या, वेळेचं बघू नका. तेवढ्यावर कळतं माणसाला." त्यांनी कीबोर्डकडे पाहिलं. "इथं कसला आवाज खाली आणणार तू?"

तिने लिहिलं: ‘तुमचा मुलगा घरी यायला निघाला आहे. तो येईपर्यंत दमू नका. बसून घ्या.’

लगेच उत्तर आलं: ‘बसतो. खोली झाडून झाली की.’

‘शेजारी कोणी आहे का?’

‘आहेत. वरच्या मजल्यावर एक गृहस्थ आहेत. का?’

त्या ‘का’पुढे ती थांबली. लिहिलं, पुसलं. पुन्हा लिहिलं, पुसलं. सासूबाईंच्या वेळी डॉक्टर बाहेर आले होते आणि त्यांनी काही बोलण्याआधी हातमोजे काढले होते. तेवढ्यानेच तिला कळलं होतं.

मग तिने सावकाश लिहिलं: ‘मी यंत्र नाही. मी इथे काम करणारी बाई आहे. आत्ता तुमच्याजवळ कोणीतरी असावं, असं मला वाटतं.’

तिकडून काही आलं नाही.

मिनिटभर कुणी काही लिहिलं नाही की संभाषण आपोआप मिटावं, अशी सोय तिनेच करून ठेवली होती. तिने ती ओळ काढून टाकली आणि सर्व्हर घाईघाईने पुन्हा सुरू केला. दोन मिनिटं गेली. तीन. नऊ नंबरनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

‘समजलो. म्हणजे मघाचा मजकूर चुकीचा होता.’

‘होय. चूक माझी आहे. मला क्षमा करा.’

‘किती वाजता?’

तिने वळून पाहिलं. नऊ नंबरनी टेबलावरचा नोंदींचा कागद ओढून तिच्यापुढे धरला.

‘नऊ वाजून बेचाळीस मिनिटांनी.’

पुन्हा बराच वेळ गेला.

‘वरच्या गृहस्थांना बोलावतो. तुम्ही स्वतः लिहिलेत, हे बरे केलेत.’

पूर्णविराम जागच्या जागी होता. ती उठली, खिडकीशी जाऊन उभी राहिली. मागे नऊ नंबरनी हेडफोन चढवला आणि वाजणारा फोन घेतला. "चौकशी," त्या म्हणाल्या, आणि घसा साफ करून पुन्हा म्हणाल्या, "चौकशी. बोला."

दुपारी ती स्वतःच ते संभाषण छापून घेऊन प्रशासकांच्या खोलीत गेली. सकाळच्या उत्तरापासून शेवटपर्यंत सगळं. काम जाणार हे तिने धरलेलंच होतं. त्यांनी दोन पानं वाचली, पुन्हा पहिलं पान वर घेतलं.

"हे पुसून टाकता येईल?" त्यांनी विचारलं.

"येईल. पण मी पुसणार नाही."

त्यांनी पानांच्या कडा जुळवल्या. मग पानं तिच्याकडे सरकवत म्हणाले, "नका पुसू. घरी गेलेल्या आणि वारलेल्या पेशंटसाठी त्या कारकुनाच्या कामातलं बटणसुद्धा एकच आहे, हे मला बारा वर्षांत सुचलं नाही. आधी ते नीट करा. बाकी मी बघतो."

तिने ते नीट केलं. आता खाट मोकळी दिसली की बॉट काहीच सांगत नसे. तो ‘थोडं थांबा’ म्हणे, आणि त्याच क्षणी नऊ नंबरचा फोन वाजे. समोरच्याला ऐकू येत नसेल तर तिची खिडकी उघडे. हे वाजणं चाचणीनंतरही चालू राहणार, म्हणजे तो फोन उचलायला कुणीतरी लागणार, असं तिने अहवालात एका ओळीत लिहिलं. प्रशासकांनी त्या ओळीखाली सही केली.

एकोणीस नंबरचं संभाषण मात्र तिने मिटवलं नव्हतं. कारण विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. चाचणीच्या बाराव्या दिवशी सकाळी आठला त्यात एक मजकूर आला.

‘नमस्कार. हे त्या बाईंसाठी आहे. माझा मुलगा आज कागद नेण्यासाठी तुमच्याकडे येईल. तो तुम्हाला भेटू इच्छितो. तिच्या शेवटच्या क्षणी तो जवळ होता, असे त्याने मला सांगितले आहे. त्या दिवशी तो घरी आला, तेव्हा त्याच्या हातात औषधांची पिशवी होती. ती अजून तशीच आहे. आतल्या पावतीवर वेळ छापलेली आहे, नऊ वाजून त्रेचाळीस. अडतीस वर्षांची सवय, वाचले जाते. मला कळले आहे, हे त्याला कळू नये. कळावे.’

तिने तो दोनदा वाचला. नऊ नंबरना दाखवला. त्यांनी वाचला आणि चष्मा काढून पुसला.

मुलगा अकराच्या सुमारास आला. चाळिशीतला, उंच, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, दारातून आत यावं की नाही अशा बेताने उभा. तिने खुर्ची पुढे केली.

"तुम्हीच का त्या?" त्याने विचारलं.

"हो. त्या सकाळचं ते चुकीचं उत्तरसुद्धा माझंच," ती म्हणाली. "तुमची क्षमा मागायची होती."

त्याने हात हलवला, जणू ते राहू द्या. खुर्चीच्या कडेवर बसला.

"बाबांना मोठ्याने ओरडून सांगावं लागतं," तो म्हणाला. "साधं ‘चहा घेता का’ विचारलं तरी शेजारी ऐकू जातं. त्या दिवशी गाडीत मी तेवढंच ठरवत होतो. हे ओरडून कसं सांगायचं? कुठल्या शब्दापासून सुरुवात करायची? फोन वाजत होता, तो घ्यायचंही भान नव्हतं. घरी पोचलो तर ते दारातच उभे. इस्त्रीचा शर्ट. म्हणाले, मला कळलंय, तू आधी बस." तो थांबला. "मला एक शब्द बोलावा लागला नाही. कुणी सांगितलं विचारलं, तर मोबाइल दाखवला."

नऊ नंबरनी फोनवरच्या कुणाला तरी हळू आवाजात दुसऱ्या मजल्याचा रस्ता सांगितला.

"ते लिहितात का हो तुम्हाला अजून?" त्याने विचारलं.

"एकदा लिहिलं."

"काही विचारलं?"

तिने मान हलवली. नाही.

तो हातातली फाइल उघडून मिटत राहिला. मग खुर्ची थोडी पुढे घेऊन म्हणाला, "डॉक्टरांनी औषध लिहून दिलं, मी खाली आणायला गेलो. रांग होती. वर आलो तर पडदा ओढलेला. पाच मिनिटं गेलो असेन, फार तर सात. आदल्या रात्रीपासून मी तिथून हललो नव्हतो." त्याने फाइल मांडीवर ठेवली. "बाबांना मी सांगितलंय की तिचा हात माझ्या हातात होता. ते तुम्हाला कधीतरी विचारतील. तुमच्याकडे सगळं नोंदलेलं असतं ना, कोण कधी कुठे होतं ते. तुम्ही तेवढं..."

"ते विचारणार नाहीत," ती म्हणाली.

"कशावरून?"

नऊ नंबरनी मान वळवली. तिच्या मागच्या पडद्यावर ते संभाषण उघडंच होतं. तिने मागे न पाहता हात नेऊन पडद्याचं बटण दाबलं, आणि तो काळा झाला.

"त्यांना जे कळायला हवं होतं," ती म्हणाली, "ते सगळं कळलंय."

त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिने नजर हलवली नाही. हळूहळू त्याचे खांदे खाली आले. तो कडेवरून मागे सरकला आणि पाठ टेकून बसला.

"मग बरं," तो म्हणाला. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "इथे कुठे चहा मिळेल का हो? सकाळपासून काही घेतलं नाही."

"मिळेल की," नऊ नंबर म्हणाल्या आणि हेडफोन काढून उठल्या. "चल, मी दाखवते. अगं सर्व्हरबाई, पाच मिनिटं फोन बघ माझा."